झांडोली गेल्याची सूचना

कॅस्ट्रीज, ७ सप्टेंबर १९९८

ती. अन्सेल्मा काकूस,
स. न. वि. वि.

नीरफणस पोचले. एक भाजला, एक बसमध्ये कुणीतरी ढापला.

ऑक्टोबरात आमच्या कॉलेजात रेडिओ आणि वर्तमानपत्रांतल्या भाषेवर परिषद आहे. परदेशचे विद्वान येतील, आणि ती रेडिओवर थेट ऐकवणार आहेत. माझा निबंध काकांवर आहे. रोज संध्याकाळी ते रेडिओवर आपल्या क्रेओलमध्ये निधनाच्या सूचना वाचायचे, त्यातली एक मी कॅसेटवर भरून ठेवली होती. स्टेशनने आपल्या टेपा पुसल्या, तेव्हा त्यांचा आवाज आता एवढाच उरलाय. तो ऐकवू का? नको म्हणालीस तर माझाच आवाज ऐकावा लागेल, आणि तो कसा आहे ते तुला ठाऊक आहे.

लोभ आहे तसाच ठेव, नीरफणस मात्र वाढव.

तुझी,
लिओनीस

श्वाझेल, १५ सप्टेंबर १९९८

चि. लिओनीस हिला अनेक आशीर्वाद.

तू दिलेलं भाषेवरचं पुस्तक वाचते आहे. कळत नाही ते पुन्हा वाचते. तरी नाही कळलं तर लेखकाची चूक धरते.

आवाज खुशाल ऐकव. पण एक अट आहे. फेब्रुवारीत हे गेले तेव्हा सूचनेत 'झांडोली या नावाने सर्वांच्या ओळखीचे' असं मी मुद्दाम सांगितलं होतं. झांडोली म्हणजे सरडा, आणि मेलेल्या माणसाला सरडा म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून नव्या निवेदकाने ते गाळलं आणि नुसतं यूडोविक अँब्रोझ फेलिसियन वाचलं. हे नाव कोणाला माहीत? लग्नात पाद्रीबाबांनी ते उच्चारलं तेव्हा मीसुद्धा वळून पाहिलं होतं. रेडिओवर यांनी स्वतःचं नाव कधी सांगितलं नाही. मेलेल्याच्या वेळेत वाचणाऱ्याचं काय काम, म्हणायचे.

अंत्यविधीला शेजारी आले. डोंगरापलीकडचं कुणी आलं नाही. कॉफी ओतून द्यावी लागली.

अजून सूफ्रिएरच्या बाजारात बायका झांडोलीला नमस्कार सांग म्हणतात. चारचौघांत काय बोलायचं? सांगते म्हणते, आणि ते निरोप घेऊन घरी येते.

तर आवाजाआधी यांची सूचना नीट वाच. झांडोलीसकट.

जेवत जा. लोभ मागायला नको, तो आहेच.

तुझी काकू,
अन्सेल्मा

कॅस्ट्रीज, २ ऑक्टोबर १९९८

ती. काकूस,
स. न. वि. वि.

समितीने तुझ्या अटीवर दोन बैठका घेतल्या. अध्यक्ष म्हणाले की फेब्रुवारीत वारलेल्या माणसाची सूचना ऑक्टोबरात वाचणं शास्त्रात बसत नाही. एका परदेशी बाईंना कल्पना आवडली, पण सूचनेतले नातलग थोडे कमी करता येतील का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते आता काकूच्या हातात नाही. शेवटी कार्यक्रमात 'प्रात्यक्षिक' असं छापलं आहे. शुक्रवारी, तेवीस तारखेला, दुपारी. रेडिओ लावून ठेव.

माया असू दे.

तुझी,
लिओनीस

श्वाझेल, १ नोव्हेंबर १९९८

चि. लिओनीस हिला अनेक आशीर्वाद.

ऐकलं. तू छान वाचलंस, माझ्या भावाचं नाव तेवढं घाईत घेतलंस. मग हे बोलले. कुणा म्हातारीची सूचना होती, तरी मी उठून यांची खुर्ची पुढे ओढली.

शनिवारी सकाळपासून माणसं यायला लागली, काळे कपडे घालून, रम घेऊन. झांडोली गेल्याचं सांगितलं आणि पाठोपाठ त्याचाच आवाज आला, त्यामुळे निम्मे लोक खात्री करायला आले होते. अंत्यविधी कधी, विचारत होते. फेब्रुवारीत झाला, म्हणून सांगितलं. व्ह्यू फोर्टचा एक कोळी माझ्यावर भडकला, की इतके महिने त्याचे निरोप कुठे पोचवत होतीस. मी म्हटलं, घरी. मग तो ओट्यावर बसून रडला, आणि नंतर डोमिनोत तीन डाव जिंकला.

तुझे विद्वानही गाडी करून आले. एकजण यंत्र काढून रडणं भरून घ्यायची परवानगी मागत होता. त्याला कॉफी गाळायला बसवलं. या वेळी ती पुरली नाही.

काल बाजारात गेले. यांच्यासाठी कुणी निरोप दिला नाही. अळकुड्या घेतल्या. एका बाईने, मी कशी आहे, ते विचारलं.

कॅसेटची एक प्रत पाठव. घाई नाही, पण पाठव.

तुझ्यावर लोभ करणारी,
अन्सेल्मा काकू