पाळण्याखालचं चुंबक

कळमनुरी
१६ फेब्रुवारी २००३

प्रिय संध्या,

जय भीम. सृष्टीची सर्दी कमी झाल्याचं तुझ्या भावानं दुकानात येऊन सांगितलं. तू मात्र बारशानंतर एक ओळसुद्धा लिहिली नाहीस. काहून, ते मला माहीत आहे. त्या दिवशी पुसेगावला, तुझ्या माहेरी, तू चुलीकडे तोंड करून भाकरी थापत होतीस आणि मागे झोळीत सृष्टी रडत होती. माझी आई धावत आली, लेकरू उचललं आणि चारचौघींत बोलली, "हिला ऐकू येत न्हाई. कळमनुरीला गेल्यावर लेकरू माझ्यापाशीच निजंल." तू वळलीस तेव्हा नेमकं ते तिच्या ओठांवरून वाचलंस. मी तिथंच म्हणालो होतो की सृष्टी तुझ्यापाशीच निजेल, पण तू माझ्याकडे पाहत नव्हतीस. म्हणून आता लिहितो.

त्यानंतर दुकानातली टीव्हीदुरुस्ती सांभाळून मी एका कामाला लागलो. लेकरू जागं झालं की आधी हातपाय झाडतं, त्यानं पाळणा हलतो. पाळणा हलला की तुझ्यासमोर दिवा लागला पाहिजे, एवढीच गोष्ट. पाळण्याच्या तळाला चुंबक आणि खाली पाटावर चुंबक ओळखणारा स्विच. पाळणा थांबलेला असताना चुंबक बरोबर स्विचवर येतं. बाजूला सरकलं की दिवा लागतो. कागदावर सोपं वाटलं. खरी अडचण स्विच कोणता घ्यावा ही होती.

आधी काचेच्या नळीतला घेतला. आत दोन बारीक लोखंडी पट्ट्या असतात, चुंबक जवळ आलं की एकमेकींना चिकटतात. दोन दिवस चांगला चालला. मग पट्ट्या चिकटल्या त्या चिकटल्याच. पाळणा कितीही हलवा, दिवा लागेना. टिचकी मारली तर सुटल्या, पण तू काय दर वेळी टिचक्या मारत बसणार? शिवाय पाट सरकवताना नळी तडकली, काच खाली सांडली. लेकराच्या खाली काच नकोच.

मग बिनकाचेचा, आत काहीच न हलणारा स्विच शोधला. काळा, तीन पायांचा, डाळीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. त्याला हॉल सेन्सर म्हणतात. कॉम्प्युटर क्लासवाल्यांनी टाकून दिलेल्या पंख्यात तसाच एक सापडला, मी खूश झालो. पण तो निराळ्या स्वभावाचा निघाला. चुंबकाचं एक टोक त्याला दिसलं की दुसरं टोक समोर येईपर्यंत तो तसाच धरून बसतो. पंख्यात दोन्ही टोकं आळीपाळीनं फिरत असतात, तिथं ते बरं. आपल्या पाळण्याला एकच चुंबक.

नांदेडला बाबूसिंगच्या सुट्या पार्टांच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, "ये वाला पकडके बैठता है, तेरेकू छोडनेवाला चाहिए." चुंबक समोर असेपर्यंत चालू, गेलं की बंद, असे त्यानं दोन दाखवले. एक फार हळवा, लांबूनही चुंबक ओळखणारा. मला तोच भारी वाटला. घरी लावल्यावर कळलं, पाळणा वीतभर गेला तरी त्याला चुंबक जवळच आहे असं वाटतं. लेकराच्या एका लाथेनं त्याला काहीच कळणार नाही. दुसरा जरा मठ्ठ, चुंबक अगदी जवळ असेल तरच मानणारा. आपल्याला तोच हवा होता. चुंबक बोटभर सरकलं की त्यानं सोडलंच. त्याच्यामागे टायमर घातला, म्हणजे एकदा लागलेला दिवा तू बघशील इतका वेळ राहतो. तू स्वतः झोका देशील तेव्हा बंद करायला बाजूला बटण आहे. आणि झोपेत दिवा दिसणार नाही म्हणून टेपरेकॉर्डरच्या मोटरला एका बाजूला शिसं लावून ती डबीत बसवली. उशीखाली ठेवली की उशी अशी थरथरते की मी दुपारी दचकून उठलो.

आई हे सगळं लांबून बघत होती. परवा मात्र शेजारच्या सरिताचं तान्हं पोरगं ती आपणहून घेऊन आली. त्याला पाळण्यात निजवलं, स्वतःच्या कानात कापूस कोंबला, वरून पदर घट्ट बांधला आणि पाळण्याकडे पाठ करून, दिव्यासमोर तूर निवडत बसली. दिवा लागला, ती उठली. पोरगं गाढ झोपलेलं. पुन्हा लागला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती चिडली, "लेकरू निजलंय न् तुहा दिवा मला नाचवून राहिला!" छताच्या पंख्याच्या वाऱ्यानं पाळणा हलत होता. मी पाटाखाली पातळ फळी सारून स्विच चुंबकाच्या थोडा जवळ नेला. मग वाऱ्याचं हलणं त्याला कळेना. आई परत बसली, बराच वेळ बसली. मला वाटलं, आता लाथेचंही कळणार नाही.

मग दिवा लागला. ती उठून गेली. पोराचे डोळे उघडे, ओठ नुकते मुडपलेले, आवाज अजून निघालेला नाही. ती तशीच वाकून उभी राहिली. कानातला कापूस काढून मला म्हणाली, "हे तर रडायच्या आधीच कळलं रे. मला कान असून कधी कळलं न्हाई." आणि पोराला न उचलता तिनं सरिताला हाक मारली.

खरं तर मी हे सगळं तिथं आल्यावरच दाखवणार होतो. आज सकाळी आईनंच लिहायला पाट, कागद आणि पेन माझ्यापुढे आणून ठेवलं. तिला लिहिता येत नाही, ती बाजूला बसून आहे. ती सांगते तसंच लिहितो: "लेकरू तिच्यापाशीच निजंल. मी बुधवारी येते न्यायला, आली तर बरं वाटंल मला." मी म्हटलं, लाइट जाते, बॅटरी लावली आहे पण तीही कधी उतरेल, ते लिहू का? तर म्हणाली, "लिही. लाइट गेली तर मी हाय. मी तिला हलवून उठवीन. लेकरू उचलनार न्हाई."

तुझाच
धम्मानंद