बॉबिन बदलण्याएवढी शांतता

मी, इन्माकुलादा वेर्दू आमोरोस, वय सव्वीस, राहणार एल्दा, जिल्हा आलिकान्ते, उद्या माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे म्हणून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. भीती आहे ती शस्त्रक्रियेची. दडपण कोणाचेही नाही.

१. कायद्याने आईचा जो वाटा होतो, तो आधी आईला. शिवणयंत्र मुळातच तिचे, तरी नमूद केलेले बरे. घरी बसून बुटांचे वरचे भाग शिवता शिवता तिने मला अक्षरे शिकवली. ताल त्या यंत्राने शिकवला.

२. उंच टाचांचे रुपेरी बूट बँडमधल्या योलांडाला. ती लग्न करून तेनेरीफे बेटावर गेली, पण आमच्या पायांचे माप एकच.

३. आम्हा तिघींच्या बँडचे 'गारापिन्यादास' हे नाव कोणीही वापरू नये. ते जत्रेतल्या साखरबदामांचे नाव, जत्रेकडेच राहावे. एका वर्तमानपत्राने आमच्या गाण्यांविषयी लिहिले होते, 'चघळा आणि थुंका.' असेल. पण कुएन्काकडच्या एका गावात ऐन गाण्यात वीज गेली, आणि चौकातली माणसे ते गाणे स्वतःच पुढे गाऊ लागली. गाण्याच्या मधल्या थांब्यापाशी सगळी गप्प झाली. आईला यंत्रातली दोऱ्याची बॉबिन बदलायला जेवढा वेळ लागायचा, तेवढाच मी ठेवलेला तो थांबा. आज्या, पोरे, बिअर विकणारा, सगळे श्वास रोखून उभे. मग एकदम टाळी. माझ्या आईला त्यांनी कधी पाहिलेही नव्हते.

४. <s>त्या गाण्यातला माझा अर्धा हक्क मामेबहीण साराय हिला. थांबा काढू नये, एवढीच अट. माद्रिदचा निर्माता म्हणाला होता, "रेडिओवर शांतता म्हणजे बिघाड. काढा तो थांबा." मी नकार दिला. साराय पेट्रोलपंपावर गाडीतून उतरली. "तुझ्या आईच्या मशीनवर नाचत म्हातारी व्हायचं नाही मला!" बँड तिथेच मोडला. दोन वर्षे अबोला आहे.</s>

५. कलम चार मी स्वतः खोडले आहे. कारण असे: आईने कळवल्यावरून साराय आज इस्पितळात आली, साक्षीदार म्हणून सही करते म्हणाली. मी सांगितले, जिला काही मिळते तिची साक्ष चालत नाही, तू बाहेर थांब.

"मला काय मिळतंय?"

"गाणं."

"अगं बये! दोन वर्षं फोन नाही, आणि मेल्यावर गाणं देतेस? त्यापेक्षा जिवंतपणी दोन शिव्या तरी घालायच्यास!"

मग नाक पुसत म्हणाली, "खोड ते. आत्याला दे. मला आत बसायचंय."

मी तीनदा विचारले. तिने पेन माझ्या हातात कोंबले. म्हणून गाणेही आईला.

मी जगले तर यातले काहीच लागू होत नाही, हे मला कळते.

आलिकान्ते, २ ऑगस्ट २००६
इन्माकुलादा वेर्दू आमोरोस

साक्षीदार:
रोसारियो पेरेत, शेजारच्या खाटेवरील रुग्ण.
साराय आमोरोस, मामेबहीण. मला या मृत्युपत्रात काहीही मिळत नाही. ती शुद्धीवर येईपर्यंत मी इथून हलणार नाही.