यंत्र बंद करण्याचा अधिकार धाकट्याला

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अडुसष्ट, एकेचाळीस वर्षे लेथवर उभा राहिलेला टर्नर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा, मला नेहमी तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. वकील म्हणाले, "यात रागलोभ लिहू नका." तेवढे मी ऐकणार नाही.

कलम १. राहते दोन खोल्यांचे घर, सामानसुमान आणि बँकेतली सगळी शिल्लक माझ्या एकुलत्या एक लेकीला. स्वयंपाकघराची खिडकी अडकते. खालून जरा उचलून मग ढकलावी.

कलम २. मायक्रोमीटर, व्हर्नियर आणि सगळी हत्यारे माझ्या धाकट्या भावाला. तो माझ्याच कारखान्यात फिटर होता. नातेवाईक तोंडात बोटे घालतील, कारण आम्ही सहा वर्षे एकमेकांशी अबोला धरला होता.

त्याचे कारण असे. दारे आणि कपाटे उघडण्यासाठी प्रत्येकाच्या हाताच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवायचे कारखान्याने ठरवले. सक्ती नाही, असे सांगितले. मी नकार दिला. आठवड्याभरात मला लेथवरून उचलून भंगाराच्या शेडमध्ये बसवले. धाकट्याने पहिल्याच दिवशी चिप घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत सर्वांसमोर म्हणाला, "दादाचं काय सांगता, अंगाला परकं काही नको म्हणून उद्या चष्मासुद्धा काढून ठेवेल!" सगळे हसले. ते हसणे मला भंगारापेक्षा जड गेले. तीन वर्षांनी कारखाना बंद पडला. चिप त्याच्या हातात अजून आहे.

तेव्हाच्या मॅनेजरसाहेबांना मी काही ठेवत नाही. राग होता, तोही ठेवत नाही.

कलम ३. गेल्या वर्षी बाजारात मी कोसळलो. डॉक्टरांनी डाव्या छातीत, कातडीखाली, काडेपेटीएवढे यंत्र बसवले. हृदय भरकटले की ते धक्का देऊन ठिकाणावर आणते. धाकटा बातमी कळताच धावत आला. उशाशी बसून पहिलेच वाक्य बोलला, "काय दादा, आता कसं घेतलंस अंगात?"

मी म्हणालो, "ते दाराच्या सोयीचं होतं, हे माझ्या सोयीचं आहे."

तो हसला. मीही हसलो, टाके दुखेपर्यंत.

त्याच वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्या छातीतही असेच यंत्र होते. कर्करोगाने त्यांचे शरीर संपले होते, पण यंत्राला ते कुठून कळणार? ते जीव सोडत होते आणि यंत्र धक्के देत होते. चार वेळा ते खाटेवर उसळले. त्यांची बायको ओरडत होती, "अहो, कुणीतरी थांबवा हो ते!" बंद करा असे सांगायचा अधिकार कुणाचा, याचा कागद नर्स शोधत राहिली. तो सापडला नाही.

म्हणून लिहितो. माझ्या होकाराने आत आलेले यंत्र माझ्याच होकाराने थांबले पाहिजे. बरे होण्याची आशा उरली नाही असे डॉक्टरीणबाईंनी सांगताच त्याचे धक्के बंद करावेत.

कलम ४. तेव्हा मला बोलता येत नसेल, तर माझ्या वतीने सांगायचे कुणी? लेकीला विचारले. ती म्हणाली, "बाबा, ते शब्द माझ्या तोंडून निघणार नाहीत." तिला कुणीही बोल लावू नये. मग धाकट्याला विचारले.

"मला नाही पटत, दादा. चालू असलेलं कशाला बंद करायचं?"

"पटवून घेऊ नकोस. करशील का ते सांग."

तो म्हणाला, "तुझी छाती, तुझं म्हणणं. करीन."

न पटूनही माझा शब्द पाळील असा माणूस मला हवा होता. हा अधिकार मी त्यालाच देतो. कलम ३ आणि ४ माझ्या जिवंतपणीच लागू आहेत; त्यांची प्रत डॉक्टरीणबाईंकडे राहील. त्याच्या निर्णयाला कुणीही आडवे येऊ नये, डॉक्टरांनी नाही, नातेवाइकांनी तर नाहीच.

वरील मजकूर मी वाचला, बरोबर आहे.

सही: टर्नर, स्वहस्ते
साक्षीदार १: डॉक्टरीणबाई
साक्षीदार २: समोरच्या दुकानातले शिंपीमामा
स्थळ: डॉक्टरीणबाईंचा दवाखाना
दिनांक: ११ मार्च २०२५, मंगळवार

ता. क. धाकट्याच्या वाट्याला हत्यारे येतात, म्हणून वकिलांनी त्याला साक्षीदार होऊ दिले नाही. तो बाहेर बाकावर बसला आहे. शाई वाळली की आम्ही दोघे चालत घरी जाऊ.