हृदयाच्या सावलीमागे

३ मार्च

आज कळलं. तेही कँटीनच्या रांगेत, परक्याच्या तोंडून! फिजिओथेरपीवाली म्हणाली, "अभिनंदन मॅडम, एक्स-रे वाचणारं नवं मशीन तुमच्याच खुणांवर शिकवलंय म्हणे." मी हसले. ट्रे घेतला, टेबलावर ठेवला आणि न जेवताच परत आले.

चार वर्षं. छातीचे एकवीस हजार एक्स-रे. जिथे डाग दिसेल, गाठ दिसेल, तिथे माउसने पिवळा गोल काढायचा. जेवणाच्या सुट्टीत काढले, रविवारी काढले. विद्यार्थ्यांसाठी संग्रह करतोय, तुमची नजर पुढच्या पिढीला मिळेल, असं शिष्याने सांगितलं होतं. शिष्य म्हणजे माझ्या हाताखाली शिकलेला, आता माझ्याच डोक्यावर बसलेला आमचा विभागप्रमुख. पुढची पिढी! ती तर खिडकीजवळ एका राखाडी डब्यात बसली आहे.

४ मार्च

सरळ केबिनमध्ये जाऊन विचारलं. खाली मान घालेल असं वाटलं होतं, नाही घातली. म्हणाला, संग्रहच होता, नंतर उपयोग बदलला. आणि संमतीपत्रावर तुमची सही आहे मॅडम.

आहे. सातव्या पानावर, अगदी वळणदार. वाचलंच नव्हतं मी. त्याने पुढे केलं म्हणून केली सही. मुलासारखा मानला होता त्याला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

५ मार्च

शिष्याच्या केबिनवरून जायला नको म्हणून मागच्या जिन्याने गेले.

९ मार्च

आमचे टेक्निशियन काका मशीनला 'जावईबापू' म्हणतात. वेगळी खोली, वेगळा एसी, आणि कोणी मोठ्याने बोलायचं नाही! त्या दिवसानंतर आज पहिल्यांदा मनापासून हसले.

मी काही नव्याच्या नावाने बोटं मोडणारी नाही. लहान मुलांना निम्म्याहून कमी किरणं देणारा सीटी आला, तेव्हा मीच सगळ्यांना हाताला धरून दाखवायला नेलं होतं. पण हे निराळं आहे. जावईबापू चार सेकंदांत फोटो वाचतात आणि दोन गठ्ठे करतात — 'शंका' आणि 'स्वच्छ'. सध्या दोन्ही गठ्ठे मी पुन्हा बघते. एक एप्रिलपासून 'स्वच्छ' थेट पेशंटच्या हातात जाणार. मध्ये माणूस नाही. मी म्हटलं, एखादा सुटला तर? शिष्य म्हणाला, चाचणीचे आकडे चांगले आहेत. आकड्यांना खोकला येत नाही.

१२ मार्च

ताई आली होती. खोकला जात नाही तिचा, गेल्या वर्षीपासून असाच येऊन-जाऊन आहे. गेल्या वर्षीचा फोटो मीच बघितला होता, स्वच्छ होता. आज पुन्हा काढला. जावईबापू म्हणाले, स्वच्छ. मी बघितला — स्वच्छ. चला, एकदा तरी आमचं जमलं!

मी तिला फोटो समजावून सांगायला लागले, तर ती पदराने चष्मा पुसत म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं? तू बघितलास ना? मग झालं." शिष्याबद्दल सांगितलं तिला. म्हणाली, विश्वास टाकणाऱ्याचं काही चुकत नाही गं. बरं वाटलं.

१७ मार्च

ठरवलं. रडत बसायचं नाही, पकडायचं. चाचणीसाठी मशीनला मागच्या दोन वर्षांचे फोटो वाचायला दिले होते. त्यातल्या ज्या पेशंटांचा नंतर सीटी झाला, त्यांची यादी काकांकडून काढून घेतली. मशीन 'स्वच्छ' म्हणालं आणि सीटीत गाठ निघाली, असे किती?

२१ मार्च

नऊ! आणि त्यातले सात एकाच जागचे — हृदयाच्या मागे. फोटोत हृदयाची सावली पांढरी पडते, तिच्या आड गाठ लपते. तिथे हे ठार आंधळं आहे!

खुर्चीत बसल्या बसल्या टाळी वाजवली मी. मग एकदम लाज वाटली. नऊ माणसं आहेत ती. पण खोटं कशाला लिहू, आनंद झाला. आता बघते एक एप्रिलला काय होतं ते.

२६ मार्च

यादी शिष्याच्या टेबलावर ठेवली. त्याने एकेक नंबर शांतपणे बघितला. दार लावून आला. मग म्हणाला, "मॅडम, या सातांचे तेव्हाचे मूळ रिपोर्ट बघितलेत?"

नव्हते बघितले. सुचलंच नाही. मशीन काय म्हणालं आणि सीटी काय म्हणाला, एवढंच जुळवत बसले होते. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. पहिला — स्वच्छ. दुसरा — स्वच्छ. सातही. खाली सही, अगदी वळणदार.

"एकवीस हजार फोटोंत त्या जागी तुमचा एकही गोल नाही," तो म्हणाला. "मशीनला वाटतं, तिथे कधी काही नसतंच."

कधी कळलं तुला, विचारलं. दोन महिने झाले म्हणाला. मग बोलला का नाहीस? तर म्हणतो, तुम्हाला कसं सांगणार होतो! बाहेरच्या दोन डॉक्टरांकडून तेवढा भाग गुपचूप पुन्हा तपासून घेणार होता म्हणे. माझा मान राखत होता. त्या सात जणांचा विचार कोणी करायचा? ओरडले त्याच्यावर. आवाज माझा मलाच पोकळ वाटला.

एक एप्रिल रद्द झाला. जिंकले मी.

२७ मार्च

सुट्टी घेतली. सव्वीस वर्षांपूर्वीचा माणूस दिवसभर डोळ्यांसमोर होता. नोकरीचं पहिलं वर्ष. हृदयामागे गाठ दिसते, असं मी ठासून लिहिलं. त्याची छाती उघडली. काही नव्हतं! रक्तवाहिनीची सावली होती. त्याची बायको व्हरांड्यात उभी होती. तेव्हापासून त्या जागी मी शपथेवर सांगण्यासारखं असल्याशिवाय काही लिहीत नाही, असं मला वाटत होतं. खरं म्हणजे तिथे बघतच नाही. नजर येते आणि घसरून पुढे जाते.

शिष्याने मला फसवलं, ते फसवलंच. त्याला मी माफ केलेलं नाही. पण मशीनने काही फसवलं नाही. जे दाखवलं ते शिकलं बिचारं, माझी भीतीसुद्धा.

लिहिता लिहिता ताईचा खोकला आठवला. उद्या लवकर जाते.

२८ मार्च

आठच्या आत पोचले. ताईचे दोन्ही फोटो उघडले. उजेड कमी-जास्त करून बघितले, नजर दाबून धरली तिथेच. हृदयामागे आहे. गेल्या वर्षी वाटाण्याएवढी. आता लिंबाएवढी.

फोन केला. सीटी करायचाय, आत्ता निघ म्हटलं. का, म्हणून तिने विचारलं नाही.

"तू बघणार आहेस ना? मग झालं," म्हणाली.