नावाची मोकळी जागा

सोमवार, २ फेब्रुवारी

लिहून ठेवावे असे माझ्याजवळ काही आहे, असा माझा मुळीच दावा नाही. तेव्हा या धाडसाबद्दल आधीच क्षमा मागते. परंतु धाकटे, निघताना तूच दम भरला होतास, की तोंडाने तर तू कधी काही सांगणार नाहीस, निदान चार ओळी खरडत जा. म्हणून ही रोजनिशी तुझ्यासाठी. शेजारच्या काकूंना वाचून दाखवू नकोस.

घर फार आवडले. खाली प्रार्थनेचे दालन, मधल्या मजल्यावर लेखनाची खोली, वर आम्हा राहणाऱ्यांच्या खोल्या. माझ्या खोलीत पलंग, खुर्ची आणि भिंतीवर लाकडी क्रूस आहे. चादरीला साबणाचा स्वच्छ वास येतो. लेखनखोलीतल्या संगणकाची एक कळ रुसलेली आहे. तिला दोनदा दाबावे लागते, अगदी तुला उठवताना हाका माराव्या लागतात तसे. पहिलीच नोकरी, आणि तीही प्रभू येशू ख्रिस्ताच्या सेवेतली. आईला सांग, मी पोटभर जेवते.

कामाचे स्वरूप असे: येथे एक वृद्ध बाई आहेत, त्यांना सारे मावशी म्हणतात. न्याहारीनंतर त्या डोळे मिटून खुर्चीत बसतात आणि त्यांना मिळालेला संदेश सावकाश सांगतात. ज्या कुटुंबांनी आपली दुखणी कळवलेली असतात, त्यांच्यासाठी ते उत्तर असते. मी ते लिहून घ्यायचे, संगणकावर उतरवायचे आणि पाठवायचे. मात्र त्याआधी पारख होते. आत्या, म्हणजे येथल्या जुन्या लेखनिका, प्रत्येक संदेश प्रेषितांनी खोटे आत्मे ओळखण्यासाठी घालून दिलेल्या कसोटीवर तपासतात: येशू ख्रिस्त देह धारण करून आला, ही कबुली त्यात आहे की नाही? असेल तरच शिक्का बसतो. इतकी दक्षता पाहून माझा जीव भांड्यात पडला. फसवणूक करणारे थोडे का आहेत जगात!

बुधवार, ४ फेब्रुवारी

आज येथली एक रीत समजली. सांगता सांगता मावशी मध्येच थांबतात, एक श्वास घेतात आणि पुढे जातात. मला वाटले, त्यांना धाप लागते. आत्यांनी हसून समजावले, की मावशी अतिशय नम्र आहेत, प्रभूचे नाव स्वतःच्या ओठांवर घेण्यास त्या धजत नाहीत. त्या थांबल्या, की लेखनिकेने ते नाव आपल्या हाताने घालायचे. आजवरच्या साऱ्या लेखनिकांनी तसेच केले आहे. मला ही रीत फार सुंदर वाटली. दिवसभर मी येशू ख्रिस्त हे नाव जरा जास्तच वळणदार अक्षरात लिहीत होते.

सोमवार, ९ फेब्रुवारी

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. शाळेत शुद्धलेखनाला बाई जेवढे सांगत तेवढेच मी लिही. न ऐकलेला शब्द कागदावर आला, तर मला अपराध्यासारखे वाटे. आज मी थांब्यांच्या जागा मोकळ्या ठेवल्या. उतरवताना भरू, असा विचार होता. मग सहज तो कागद तसाच वाचला.

"— तुझ्याजवळ आहे. — ला दार उघड. — तुझ्यात वस्ती करील, आणि मग तू तुझी उरणार नाहीस."

नाव घातले, की ही श्रद्धेची भाषा होते. न घातले तर ती कोणाची भाषा आहे, हे मला सांगता येईना. आणि पारख तर मी नाव घातलेल्या कागदाची होते. कबुली माझी असते. शिक्का मात्र मावशींच्या शब्दांवर बसतो.

आत्यांना विचारले. त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, की हुशार मुलींना सुरुवातीला असे वाटतेच. मन फार लबाड असते, तेव्हा आधी हा संशय कुठून आला त्याची पारख कर. मी खजील झाले आणि नाव भरले.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

आजचा एक संदेश तुझ्यासाठी होता. आईने तुझ्या झोप न येण्याबद्दल येथे कळवले आहे, हे मला कोणी सांगितलेच नव्हते. तू रविवारी, बावीस तारखेला, कायमची येथे राहायला यावेस, असे त्यात आहे. थांबे पुष्कळ होते. मी ते सारे भरले, आत्यांनी शिक्का मारला, आणि संदेश माझ्याच हाताने गेला.

मला आनंद व्हायला हवा होता.

शनिवार, १४ फेब्रुवारी

मी प्रत्यक्ष मावशींची पारख केली. मनाशी वाक्य घोकून गेले होते. सकाळी त्या खुर्चीत बसताच विचारले, येशू ख्रिस्त देह धारण करून आला, हे तुम्ही कबूल करता का?

मावशींनी डोळे उघडले. सांगताना त्यांचे डोळे उघडे मी आजवर पाहिले नव्हते. त्या रागावल्या नाहीत. लहान मुलीचा हट्ट पुरवावा तशा म्हणाल्या,

"देहाचं काय विचारतेस, बाळ? आधी आम्हाला एक मिळू तर दे. ही म्हातारी आता फार दिवस पुरायची नाही."

आणि पुन्हा डोळे मिटले. आत्या शेजारीच विणत बसल्या होत्या. त्यांचा टाकासुद्धा चुकला नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

फोनवर तू किती खूश होतीस. पिशवी भरलीस, आईने नवे पांघरूण घेऊन दिले, मी तेथे पुस्तकी किडा झाले असेन असे म्हणून चिडवलेस. आत्या जवळच उभ्या होत्या, पण त्यांनी मला अडवले नाही. नको येऊस, एवढेच म्हणायचे होते. शब्द तयार होते. मी म्हणाले, ये, वाट पाहते.

ते मी म्हणाले का?

सोमवार, १६ फेब्रुवारी

निघून जायचे ठरवले. येथे दाराला कुलूप नसते, हे आधी सांगायला हवे होते. फाटकही उघडे असते. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे बसचा थांबा, थांब्यावर छत्रीने जमीन टोकरणारे एक गृहस्थ. मी फाटकापर्यंत गेले. तेथे मनात आले, की हा जाण्याचा विचार तरी माझा कशावरून? मला कोणी फसवत तर नसेल? पारखून घ्यावे. पारखायला आत्यांकडे गेले. त्यांनी चहा दिला. मग दिवस मावळला.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

पुन्हा फाटकापर्यंत. पुन्हा चहा.

दक्ष राहा, हे शास्त्राने आपल्याला वाचवण्यासाठी सांगितले. येथे त्याच दक्षतेचा दोर करून माझ्या पायांत बांधला आहे. माझा प्रत्येक विचार पारखला जातो. मावशींना तेवढे कोणी विचारत नाही.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

जेवणापूर्वीच्या प्रार्थनेत सगळे एका जागी थांबतात. आज लक्ष गेले. नाव यायचे तेथे सगळ्यांचा एकच श्वास. मग पुढे.

मीही थांबले होते.

खोलीत जाऊन भिंतीवरच्या क्रुसासमोर मोठ्याने म्हणून पाहिले. प्रभू — . जीभ जागची हलत नाही असे नव्हे. शब्दच तेथे नाही. जिन्याची पायरी आहे असे समजून पाय टाकावा, आणि —

शुक्रवार, २० फेब्रुवारी

ही रोजनिशी वरपासून वाचली. पहिल्या दिवशी मी ते नाव लिहिले होते, असे मला आठवते. तेथे मला कोरी जागा दिसते. तुला तेथे शब्द दिसत असेल तर — देवाचे आभार. तर तू अजून —

मावशी आज खुर्चीवर आल्या नाहीत. झोपून आहेत. आत्यांनी खुर्ची पुसली आणि म्हणाल्या, की उद्यापरवा धाकटी येईलच. तोवर तू बस.

मी बसले. लिहायला कोणी नव्हते. तरी बोलत होते. मी.

शनिवार, २१ फेब्रुवारी

घाई. आत्या खाली आहेत. संदेशांबरोबर हेही तुला पाठवते, शिक्क्याशिवाय.

धाकटे, त्यांना मी नको होते. मी फक्त — तोवरची. आज्ञा मानणारी, थोरली, जिच्या शब्दावर तू येशील अशी. देह तुझा —

मी पुन्हा फोन करीन. ये म्हणेन. हसेन, तुला चिडवीन, बालपणीच्या गोष्टी सांगेन, त्या मला सगळ्या ठाऊक आहेत, म्हणजे — आम्हाला. विश्वास ठेवू नकोस. मला फक्त त्याचे नाव घ्यायला लाव. पूर्ण नाव. आणि तो देहात आला, हे म्हणायला लाव. मी थांबले, एक श्वास घेतला, तर फोन ठेव. आईलाही येऊ देऊ नकोस. मी रडले तरी.

अजून एकदा प्रयत्न करते. जिन्यावर पाऊल वाजते आहे. अक्षर अक्षर लिहीन. माझा तारणारा, माझा प्रभू —

पाठवले : शनिवार, २१ फेब्रुवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटे