ड्रेन पंप खाली डावीकडे

३ मे, रविवार. संध्याकाळ.
कन्येला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. एकतीस तारखेला निघणार. आनंदाची गोष्ट आहे. मी आनंदात आहे. बायकोने दोनदा विचारलं, जेवत का नाही. म्हटलं, आनंदानेच पोट भरलंय.

पण एक महत्त्वाचं काम अर्धवट आहे. घरात कन्येचा एक व्हिडिओ गेम पडून आहे आणि तो जोडीने खेळायचा असतो. डावीकडून उजवीकडे पळत सुटायचं आणि वाटेत जे येईल त्याला गोळ्या घालायच्या. आपण दोघं मेकॅनिक. अंगात निळी डांगरी, हातात फेस मारणारी बंदूक. शत्रू म्हणजे बंड करून उठलेल्या घरगुती वस्तू. जळके पाव फेकणारे टोस्टर, उडत्या इस्त्र्या, बर्फ थुंकणारे फ्रिज. सगळ्यात शेवटी तीन मजली वॉशिंग मशीन, तो बॉस.

म्हणजे माझाच विषय! ह्याच वस्तू दुरुस्त करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. कन्या आजवर शेवटपर्यंत पोचली नाही, कारण मी फक्त मागे उभा राहून सूचना देत होतो. आता स्वतः उतरणार. ती जायच्या आत गेम संपवून देणार. संकल्प क्रमांक एक.

संकल्प क्रमांक दोन: गॅलरीतलं छोटं वॉशिंग मशीन तिच्या नव्या खोलीसाठी दुरुस्त करून देणे. धुतं चांगलं, फक्त पाणी बाहेर टाकत नाही. तासाभराचं काम. येत्या रविवारी हातावेगळं करतो.

५ मे, मंगळवार.
पहिला सराव. ह्या गेममध्ये माणूस मेला तरी मरत नाही. साबणाच्या फुग्यात बसून वर तरंगत राहतो. जोडीदाराने गोळी मारून फुगा फोडला की परत खाली. मी आज बराच वेळ वर होतो. वरून सगळा परिसर छान दिसतो. तिथून कन्येला मार्गदर्शन केलं.

कन्या म्हणाली, फुग्यात बसून सूचना देऊ नकोस, खाली ये आणि लढ. आलो खाली. लगेच टोस्टर.

उडीचं बटण आणि गोळीचं बटण शेजारी शेजारी ठेवलंय. माणूस गोळी मारायला जातो आणि उडी मारून बसतो. सरळसरळ डिझाइनची चूक आहे. आमच्या दुकानात असा माल आला असता तर मी परत पाठवला असता.

८ मे, शुक्रवार.
अपयशाची कारणं सापडली. एक, चष्मा. दोन, सोफा मऊ आहे, माणूस आत रुततो. तीन, बायको मध्येच येऊन भाजी काय करू विचारते. मी 'इस्त्री, इस्त्री' असं ओरडलो, तर ती इस्त्री तापवून शर्ट घेऊन आली.

प्रगतीही आहे. खड्डा आला की मी सोफ्यावर पाय वर घेतो. त्याचा उपयोग होतो असं माझं निरीक्षण आहे. कन्येच्या मते होत नाही. तिचा अनुभव कमी आहे.

१० मे, रविवार.
सकाळी वॉशिंग मशीनचं काम हाती घेतलं. मागचं झाकण काढलं. आत बघितलं. झाकण तसंच ठेवून आत आलो, कारण अशा कामात घाई करून चालत नाही. दुपारी गेम. दुसरी लेव्हल पार. तीत मी स्वतः एक टोस्टर पाडला. कन्या म्हणते तो आधीच पडलेला होता.

१३ मे, बुधवार.
कामावर किरकोळ प्रकार घडला. एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडे फ्रिज बघायला गेलो होतो. दार उघडलं आणि कॉम्प्रेसर एकदम घरघरला, तसा मी खाली बसलो. प्रतिक्षिप्त क्रिया. सरावाने माणूस किती चपळ होतो त्याचा हा पुरावा. बाईंना वाटलं मला चक्कर आली. त्यांनी साखरपाणी दिलं. निघताना मी त्यांना सांगितलं की फ्रिजचं आता एकच लाइफ उरलंय.

बाईंनी दुकानाच्या मालकांना फोन केला. मालकांनी बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना, रजा हवी का. म्हटलं, घरी आनंदीआनंद आहे, मुलीला नोकरी लागली. ते हळू आवाजात म्हणाले, मग रजा घ्याच. मालकांना माणसं ओळखता येत नाहीत.

१६ मे, शनिवार.
चौथी लेव्हल पार! फ्रिजांची आख्खी फलटण आडवी केली. कन्येने मला टाळी दिली. लहानपणी द्यायची तशी, हात मागे नेऊन जोरात. उठलो, टीव्ही बंद केला, टीव्हीखालच्या गेमच्या डब्याचं भिंतीवरचं बटण बंद केलं, प्लग काढून ठेवला. खुशीत झोपलो.

१७ मे, रविवार.
चौथी लेव्हल गायब. फ्रिज पुन्हा उभे, जसे काही आम्ही काल तिथे नव्हतोच.

मी कंपनीला पत्र लिहायच्या बेतात होतो. कन्येने चौकशी केली. लेव्हल संपली की स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटं चक्र फिरतं, म्हणे. तेव्हा गेम आपण कुठवर आलो ते लक्षात ठेवत असतो. चक्र थांबेपर्यंत वीज तोडायची नाही. मी तोडली. पण मी धंद्याच्या नियमाने वागलो. काम झालं की बटण बंद, प्लग बाहेर. हे मी प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगत आलोय. नियम माझा बरोबर आहे, गेमचा चुकीचा आहे.

तरी तिला वचन दिलं. चक्र फिरताना बटणाला हात लावणार नाही.

ह्या मनस्तापात वॉशिंग मशीन राहिलं. मनस्तापात पाना धरू नये.

२१ मे, गुरुवार.
बॉसपर्यंत पोचलो!

काय मशीन आहे. तीन मजली. पोटाचं दार उघडतं आणि आतून ओले शर्ट सुटतात, थेट तोंडावर. कन्येचं म्हणणं, पोटावर लाल चमकतं तिथे गोळ्या मारायच्या. मला हसूच आलं. लाल चमकतो तो इंडिकेटर. इंडिकेटर बडवून आजवर कुठलं मशीन बंद पडलंय? पाणी अडलं की मशीनचा जीव अडतो, म्हणून मारायचं ते ड्रेन पंपावर. खाली, डावीकडे.

तिथे मारत राहिलो. काही झालं नाही. तीन मजली मशीनला पंपही तसाच दणकट असणार. लवकरच फुग्यात गेलो आणि फुग्यातून तिला नीट समजावून सांगितलं. खाली डावीकडे छोटं झाकण असतं. आधी जुना टॉवेल अंथरायचा, कारण भसकन पाणी येतं. झाकण उलट्या बाजूने फिरवायचं, हळूहळू. आत बोट घालून बघायचं. दहात नऊ वेळा काहीतरी क्षुल्लक अडकलेलं असतं आणि लोक नवा पंप घ्यायला निघतात.

कन्येने गेम थांबवून सगळं ऐकलं. उलट्या म्हणजे कुठल्या बाजूने, तेही विचारलं. गुणी पोर. गेम परत सुरू केल्यावर शर्ट लागून तीही मेली. पण त्याला इलाज नाही, तिने इंडिकेटरचा हट्ट सोडला नाही.

२४ मे, रविवार.
बायकोने सांगितलं, माळ्यावरची मोठी बॅग खाली काढा, पोरीला भरायला घ्यायचीय. म्हटलं, बॉस पडला की काढतो. मशीनचं विचारलं. म्हटलं, बॉस पडला की बघतो. तिने हातातलं फडकं सोफ्यावर ठेवलं आणि माझ्या शेजारी बसली.

"अहो, गेम संपला नाही म्हणून ती जायची थांबणार नाहीये."

मी म्हणालो, विषय काय, तू बोलतेस काय. बायकोला गेममधलं काही कळत नाही.

मला वाईट वाटतंय. एकदा लिहून टाकलं, म्हणजे झालं. कोण वाचणार आहे.

२६ मे, मंगळवार.
बॅग बायकोने स्वतः स्टुलावर चढून काढली. मी काढणारच होतो. आता बॅग हॉलमध्ये तोंड उघडून पडलीय आणि टीव्हीच्या अगदी समोर येते. खेळताना लक्ष विचलित होतं. आजच्या चार पराभवांचं कारण बॅग.

२८ मे, गुरुवार.
दुकानातून आलो तर गॅलरीत आवाज. मशीन चालू! धुऊन झालं, घुर्र करून पाणी बाहेर टाकलं, कपडे पिळले आणि शहाण्यासारखं थांबलं.

कन्येने दुरुस्त केलं. फरशीवर माझा जुना टॉवेल ओलाचिंब. पंपात एक बटण अडकलं होतं. दुकानाच्या युनिफॉर्मचं, माझ्या शर्टाचं. हे बटण हरवलं म्हणून मी इतके दिवस बायकोला बोलत होतो. बायकोने ते धुऊन, पुसून माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

कन्येला विचारलं, हे तुला जमलं कसं. ती म्हणाली, "तू सांगितलंस तसंच केलं, बाबा. खाली, डावीकडे."

मी म्हणालो, ठीक आहे, मी अर्ध्या वेळात केलं असतं. मग गॅलरीत जाऊन मशीन परत एकदा तपासलं. दोष काढायला जागा नव्हती. मागचं झाकणसुद्धा तिने बसवलंय, सगळे स्क्रू जागच्या जागी. जरा वेळ तिथेच उभा राहिलो. गॅलरीत धूळ फार आहे, डोळ्यांत जाते.

३० मे, शनिवार. दुपार.
शेवटची संधी. बॅगेला कुलूप लागलंय. संध्याकाळी बॉसशी गाठ. आज मोठ्या मनाने तिचं ऐकायचं ठरवलंय. इंडिकेटर तर इंडिकेटर.

३० मे, संध्याकाळ.
पडलं! बॉस पडला!

सविस्तर लिहितो. दोघांनी लाल जागेवर मारा धरला. मी चक्क जिवंत होतो. आणि मग नवल झालं. कन्येला शर्ट लागला आणि ती फुग्यात गेली. ती वर, मी खाली एकटा, समोर तीन मजली मशीन. माझे पाय सोफ्यावर, कपाळाला घाम. ती वरून सूचना देत होती, डावीकडे हो, खाली बस, आता मार. गोळी मारायला गेलो ती उडीच निघाली. सवयीप्रमाणे. पण त्या उडीमुळे शर्ट खालून गेला, मी वर पोचलो, आणि पुढची गोळी तिच्या फुग्याला लागली. पहिल्यांदाच मी तिला खाली आणलं. उतरता उतरता तिने शेवटची गोळी घातली. मशीनने गचके खाल्ले, उचकी दिली, आणि सगळा स्क्रीन फेसाने भरून गेला. आम्ही दोघं ओरडलो. तिने टाळी दिली. माझा तळहात अजून लाल आहे.

मग कोपऱ्यात ते छोटं चक्र फिरायला लागलं.

मी उठलो आणि भिंतीवरचं बटण बंद केलं.

सवय. निव्वळ सवय. इतक्या वर्षांचं हाताला वळण, हात आपोआप जातो. बायको दारात उभी होती. कन्या माझ्याकडे बघत राहिली. मग परत चालू करून तिने पाहिलं, तर बॉस पुन्हा उभा, ताठ, एक ओरखडा नाही. मी कंपनीच्या निष्काळजीपणाबद्दल बोलायला लागलो. ती म्हणाली, असू दे बाबा, जेवायला चल.

३१ मे, रविवार.
गेली. सकाळीच टेम्पो आला. मशीन चढलं, बॅग चढली, गाद्या चढल्या. आणि गेमचा डबाही चढला. तो इथेच राहील असं मी धरून चाललो होतो. पण तिने तो स्वतःच्या पैशाने घेतलेला आहे, नेणारच.

निघताना तिला बरंच काही सांगायचं ठरवलं होतं. मनात पाठही केलं होतं. प्रत्यक्षात टेम्पोवाल्याला एवढंच सांगितलं की मशीन आडवं ठेवू नकोस. तो म्हणाला, उभंच आहे. मी परत सांगितलं.

कन्या चप्पल घालून परत आत आली. पिशवीतून दुसरा कंट्रोलर काढून तिने माझ्या हातात दिला. माझा, ज्याचं उडीचं बटण मी दाबून दाबून सैल केलंय.

"शेवट राहिलाय ना आपला. येताना हा घेऊन ये."

मग मला घट्ट मिठी मारली. कंट्रोलर आमच्या दोघांच्या मध्ये रुतत होता. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तरी मी हात हलवत होतो. बायकोने हात धरून आत आणलं.

२ जून, मंगळवार. संध्याकाळ.
टीव्हीखाली डब्याच्या आकाराची स्वच्छ जागा राहिलीय, भोवती धूळ. कामावरून आल्या आल्या बटण बंद आहे का बघितलं. बंदच होतं.

मालकांकडे रजेचा अर्ज दिला. कारण लिहिलं, वॉशिंग मशीनचं काम, परगावी. मालक म्हणाले, एवढ्या लांबचं गिऱ्हाईक? म्हटलं, जुनं आहे. पुढच्या आठवड्याची रजा मंजूर. बायकोने दोन तिकिटं काढायला सांगितली. म्हटलं, गेम दोघांनीच खेळायचा असतो. ती म्हणाली, मी फक्त बघेन.

तोवर रोज सराव करायचा. संकल्प. मोबाइलच्या चार्जरवर कंट्रोलर चार्ज केला. सोफ्यावर बसलो. टीव्ही काळा. आख्खा गेम पहिल्यापासून मनातल्या मनात खेळलो. बायको शेजारी येऊन बसली. कुठवर आलात, तिने विचारलं. म्हटलं, खड्डा येतोय. मी पाय वर घेतले. तिनेही घेतले.

एकदाही मेलो नाही.