जाऊदे नदीवरचं धरण

बाबा, परवा आईने पाहुण्यांसमोर आपल्या नकाशातल्या पल्याडखंडाचा पूर्व किनारा आणखी थोडा पुढे सरकवला. तुम्ही असतात तर पट्टी घेऊन उठला असतात. पाहुणे म्हणजे वणीहून तुमच्या नातीला बघायला आलेली मंडळी. चहा झाला, पोहे झाले, मुलामुलीचं बोलणं झालं, आणि मग जी एक शांतता पसरते त्या शांततेत मुलाच्या आईने भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवून विचारलं, "हा कुठला नकाशा आहे हो?" मी "काही नाही, बाबांचा छंद" असं म्हणणार, तेवढ्यात आई खुर्चीत सरसावून बसली. "तो आमच्या मालकाईनं काढेल देश हाय," ती म्हणाली. "त्याच्यापायीच त्याईची बदली झालती. अन् तो समुद्र दिसते ना, तो आता तेवढा नाही राह्यला, मांगं हटला." मी तिच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुमच्याशी मनात पुष्कळ बोलले, पण लिहिलं नव्हतं. आज लिहितेय, कारण त्या दुपारी जे निघालं ते तुमच्या कानावर घालायला दुसरी जागा नाही.

पुसदला आपण भाड्याने राहायचो ते घर आठवतं ना? सपाट फरशी फक्त स्वयंपाकघरात होती, म्हणून पल्याडखंड स्वयंपाकघरात जन्माला आला. तुम्ही ऑफिसात बंधाऱ्यांचे, कालव्यांचे नकाशे काढायचात, आणि बाद झालेले कागद घरी आणायचात. एका बाजूला कुठल्यातरी नाल्याचा उभा छेद आणि त्याच्या पाठीवर आपला देश. रविवार सकाळ आहे, तुम्ही बनियनवर पोटावर पालथे पडलेले आहात, मी तुमच्या कोपराशी, आणि आई भाकरी थापता थापता म्हणते आहे, "सकायपासून कायले पसारा करून राह्यले बापलेकी? पाय ठेवाले जागा ठेवा." तुम्ही म्हणता, "थांब, समुद्र वाळू दे."

त्या देशात उत्तरेला काहून पर्वत होता. त्याच्या खिंडीत एक म्हातारी बसलेली असायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारायची, "काहून आलता?" खरं उत्तर दिलं तरच वाट. एकदा एक राजा हत्ती, घोडे, सैन्य घेऊन आला आणि म्हातारीपुढे अडला, कारण आपण कशाला आलो हे त्याला काही केल्या सांगता येईना. सैन्य विचार करत पायथ्याशी बसलं. बसल्या बसल्या त्यांनी तूर पेरली, मग लग्नं केली. त्यांची नातवंडं अजून तिथेच आहेत आणि संध्याकाळी ओट्यावर बसून उत्तर शोधतात. मधोमध ढेरी पठार. ते पठार म्हणजे जेवण झाल्यावर "पाचच मिनिटं पडतो" म्हणून आडवा झालेला एक राक्षस. त्याच्या पोटावर गावं वसली, पण दुपारच्या वेळी तिथे कोणी भांडं आपटत नाही. ही कथा आईची. ती तिने रविवारच्या जेवणानंतर, तुमच्याकडे बघत, भांडी आपटत सांगितली होती. आणि या दोघांच्या मधून जाऊदे नदी वाहायची. तिचं पाणी प्यालं की मनातला राग निघून जातो. आई म्हणाली, "एक कॅन भरून आणा तिचं. तुमच्या बहिणीले पाजीन."

तुम्ही मला आयुष्यात एकदाच जोरात रागावलात, तेही या देशावरून. माझ्या राजकन्येचा वाडा मी डोंगराच्या टोकावर काढला आणि तिला पाणी हवं म्हणून समुद्रापासून डोंगरापर्यंत नदी चढवली. तुम्ही पेन्सिल हिसकावून घेतलीत. "पाणी कोणाच्या राजकन्येले भीत नाही! आधी उतार दाखव, मंग नदी काढ." मी म्हणाले, खोटा तर देश आहे. तुम्ही म्हणालात, "देश खोटा असन, उतार खोटा नाही चालत." नदी मला स्वतःच्या हाताने खोडायला लावलीत. मी रडले, जेवायला बसले नाही. शेवटी आईने तोडगा काढला. "मंग तिच्या वाड्यात हापसी द्या ना बसवून." तुम्ही बराच वेळ विचार केलात, डोंगराच्या आत खडक कसा असेल ते ठरवलंत आणि हापशीला परवानगी दिलीत. त्या दिवसापासून पल्याडखंडाची राजकन्या रोज सकाळी पदर खोचून स्वतः हापसी मारते.

मी सहावीत असताना तो नकाशा पूर्ण झाला. काळ्या शाईत, उत्तर दिशेच्या बाणासकट, खाली उजव्या कोपऱ्यात ऑफिसातल्यासारखी चौकट. "काढणार" समोर तुमची सही, "मंजूर" समोर माझी, गोल अक्षरात, शेवटी फूल काढलेलं. आणि त्याच आठवड्यात तुम्ही यवतमाळच्या मीटिंगला नकाशांचा पत्र्याचा गोल डबा घेऊन सकाळच्या एसटीने गेलात.

संध्याकाळी परत आलात ते बूट न काढता थेट स्वयंपाकघरात. आईने पाणी दिलं, ते तुम्ही हातातच धरून उभे राहिलात आणि सांगायला लागलात. मोठ्या साहेबांपुढे डबा उघडला, पहिलाच नकाशा उलगडला, आणि तो आपला. तुमच्या तोंडचं पाणी पळालं. मोठ्या साहेबांनी चष्मा लावला. "ही जाऊदे नदी कुठे येते?" तुम्ही तोंड उघडण्याआधी तुमचे साहेब, ज्यांची जीप डांबर सोडून कधी खाली उतरली नव्हती, ते म्हणाले, "सर, झरी जामणीच्या आतल्या भागात. फार दुर्गम आहे. मी स्वतः पाहून आलोय." मोठे साहेब खूश झाले. काहून पर्वत आणि ढेरी पठार यांच्यामधल्या अरुंद जागेवर त्यांनी बोट ठेवलं. "धरणाला जागा उत्तम दिसते. बुडीतात काय काय जाईल?" आणि तुमच्या तोंडून निघून गेलं, "सर, एक राजवाडा अन् एक हापसी."

आईने तोंडात पदर कोंबला. मी मात्र हसले नाही, कारण तुम्हीही हसत नव्हतात. मोठ्या साहेबांचं लक्ष मग कोपऱ्यातल्या चौकटीकडे गेलं. त्यांनी फूल काढलेली सही वाचली, मग तुमच्या साहेबांकडे पाहिलं, आणि विचारलं, "तुम्ही स्वतः पाहून आलात?"

महिनाअखेर बदलीचा कागद आला. झरी जामणीकडे. तुमच्या साहेबांनी तो देताना म्हटलं, "जा, आता शोधून काढा तुमची नदी."

दोन वर्षं तुम्ही तिकडे राहिलात. शनिवारी संध्याकाळी यायचात, बुटांना चिखल, आणि सोमवारी पहाटे परत. लोकांना आपली गोष्ट सांगून आपण हसायचो, पण त्या वर्षांत आईला एकटीने सगळं उचलावं लागलं. मला टायफॉइड झाला तेव्हा तिने मला शेजाऱ्यांच्या ऑटोत घालून दवाखान्यात नेलं, आणि तुम्हाला निरोप पोचायला चार दिवस लागले. तुम्ही आलात, माझ्या उशाशी बसलात, कपाळावर हात ठेवलात. मला वाटलं, डब्याचं खरं आता सांगावं. मी डोळे मिटून घेतले. पुढच्या शनिवारी सांगू असं ठरवलं. पुढच्या शनिवारी तुम्ही हसत आलात, कारण तिकडच्या एका कोलाम आदिवासी म्हाताऱ्याला तुम्ही आपला नकाशा दाखवला होता. त्यांनी नदीवरून, डोंगरावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "सगळं हाय बाबू, पण बसाले झाड कुठी हाय?" तुम्ही मला म्हणालात, "आपलं चुकलंच पोरी. एवढा देश काढला अन् माणूस बसन कुठं हे नाही पाह्यलं." नकाशात चूक झाली हे तुमच्या तोंडून मी तेव्हाच ऐकलं. त्या रविवारी आपण वाटेच्या प्रत्येक वळणावर एक झाड लावलं. सांगायचं राहून गेलं. मग तुम्ही कायमचे परत आलात, नकाशाची नवी प्रत मला भेट दिलीत, आणि "मंजूर" समोरची जागा रिकामी ठेवून म्हणालात, "पुन्हा सही कर. जुन्या सहीनं लय काम केलं." तीच प्रत भिंतीवर आहे.

तर परवा आईने ही सगळी गोष्ट पाहुण्यांना सांगितली. मुलाचे वडील डोळे पुसेपर्यंत हसले. आणि मग ती शांतपणे म्हणाली, "चूक माह्यीच होती. त्या दिवशी झाडता झाडता घरातले सारे नकाशे मीच गोळा केले अन् मीच डब्यात कोंबले."

पाहुणे जाईपर्यंत मी कशीबशी थांबले आणि मग स्वयंपाकघरात तिला गाठलं.

"आई, तो नकाशा मी ठेवला होता."

"तू कायले ठेवशीन? तू तं आंघोळीले गेलती."

"आंघोळीच्या आधी ठेवला. मला पक्कं आठवतं. इतकी वर्षं मी मनात ठेवलंय."

"मंग मी गोळा केला तो काय वरणात टाकला होता?" ती कडाडली. "दर सोमवारी त्याईच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी दोन-दोन वाट्या कायले देत होती मी? माह्या जीवाले लागलं होतं म्हणून!"

बाबा, आम्ही दोघी अर्धा तास भांडलो. गुन्हा माझा, गुन्हा माझा, असं. तुमची नात दारात उभी राहून ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "आजोबांना विचारता आलं असतं तर त्यांनी 'मीच ठेवला' म्हटलं असतं." त्यावर आईने पोह्यांच्या बशा विसळायला घेतल्या.

संध्याकाळी वणीहून फोन आला. मुलगी पसंत आहे, आणि मुलाच्या आईने जाऊदे नदीचं पाणी लग्नात एक बाटली तरी द्या असा निरोप ठेवला आहे. नातीलाही मुलगा आवडलाय.

मी आईला दुसऱ्या दिवशी म्हणाले, तूच ठेवला असशील, मी लहान होते. तिला फार बरं वाटलं. तेव्हापासून ती ही गोष्ट दुधवाल्यालाही सांगते. मी तिचं म्हणणं आता खोडून काढणार नाही, आणि हे पत्र तिच्या हाती लागू नये म्हणून माझ्या कपाटात जुन्या साड्यांखाली ठेवणार आहे.

पण तुम्हाला खरं सांगते. मी तो नकाशा चुकून नाही ठेवला. त्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही आईला म्हणाला होतात की एवढी वर्षं नकाशे काढतोय, एकाही साहेबाने कधी म्हटलं नाही की अक्षर चांगलं आहे. मी डब्यातले बंधाऱ्यांचे नकाशे बाजूला सारून आपला सगळ्यांत वर ठेवला. मोठ्या साहेबांनी त्या दिवशी तुमच्या अक्षराबद्दल काही म्हटलं का, हे तुम्ही सांगितलं नाहीत, आणि विचारलं तर माझं गुपित उघडं पडेल म्हणून मी कधी विचारलं नाही.